पहिल्या वर्षात बिल आणतो म्हणाले होते: एका बिनपक्षाच्या मतदाराचं प्रकरण

न्यू जर्सीत मतदार म्हणून नाव नोंदवताना फॉर्मवर पक्षाचा रकाना असतो. डेमोक्रॅट, रिपब्लिकन, आणखी दोन-चार छोटे पक्ष, आणि ज्याला यातलं काहीच नकोय तो अनअफिलिएटेड. आपल्या मराठी मंडळींत हा शेवटचा प्रकार भरपूर सापडतो, कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, उगाच कुणाचा शिक्का कशाला मारून घ्यायचा, माणूस बघून मत देऊ. आज ज्यांचं प्रकरण लिहितोय ते यातलेच एक, त्यांना इथे अण्णा म्हणूया, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडेतिकडे केलेत. मूळचे कराडकडचे, नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअरच्या लाटेत आले, एडिसनजवळ घर, भाजी ओक ट्री रोडवरून, गणपतीत मंडळाची वर्गणी वेळेवर देणार पण कमिटीत या म्हटलं की हात जोडणार. नागरिक झाल्यावर राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिलं मत दिलं ते 2008 ला, ओबामांना.

अण्णांची तक्रार फार मोठी नाहीये. त्यांना ना ओबामांचा रंग खटकतो ना धोरणं, हेल्थकेअरचा कायदा त्यांना बऱ्यापैकी पटलेला, बिन लादेनला मारलं तेव्हा त्यांनी ऑफिसात पेढे वाटले होते. तक्रार एकच, की या माणसाने निवडणुकीआधी मुदत घालून एक आश्वासन दिलं, पाळलं नाही, आणि पाळत नाहीये हेही वेळेत सांगितलं नाही. ग्वांटानामोचा, म्हणजे क्युबातल्या अमेरिकी तळावरचा तुरुंग एका वर्षात बंद करतो म्हणून 2009 च्या जानेवारीत सही केली होती आणि तो आठ वर्षांनी पदावरून उतरताना तसाच चालू होता, हेही अण्णांच्या यादीत आहे, पण ते म्हणतात तो आपल्या अंगणातला विषय नाही. त्यांच्या अंगणातला विषय इमिग्रेशन.

आश्वासन नक्की काय होतं

हे नीट बघायला पाहिजे, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातंय. मे 2008 मध्ये युनिव्हिजन या स्पॅनिश टीव्ही वाहिनीच्या होर्हे रामोसला मुलाखत देताना ओबामा म्हणाले, पहिल्या शंभर दिवसांत होईल अशी खात्री मी देत नाही, पण पहिल्या वर्षात इमिग्रेशनचं असं एक बिल असेल ज्याला माझा जोरदार पाठिंबा असेल आणि जे मी पुढे रेटत असेन, याची गॅरंटी देतो. मग जुलैमध्ये सॅन डिएगोला ला राझा या लॅटिनो संघटनेच्या अधिवेशनात परत तेच, पहिल्या वर्षातली टॉप प्रायॉरिटी.

आता यात "कायदा पास करून दाखवतो" असं कुठेही नाहीये. बिल येईल आणि मी त्याच्यामागे उभा राहीन, एवढंच. अण्णांचा मुद्दा हाच, आणि मला तो बिनतोड वाटतो. पास करणं काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या हातात, मान्य, पण बिल मांडायला लावणं, व्हाइट हाऊसचा मसुदा बाहेर काढणं, चार भाषणं ठोकणं, हे राष्ट्राध्यक्षाला कोण अडवणार? काँग्रेसने अडवलं ही सबब इथे लागूच होत नाही.

नागरिक झालेल्या माणसाला याचं काय पडलंय

हा प्रश्न मला अण्णांच्याच मुलीने विचारला होता, म्हणजे बाबांचं स्वतःचं ग्रीन कार्ड होऊन जमाना झाला मग बाबा का चिडतात. तर बाबांचा भाचा इथेच राहतो, एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, प्लेन्सबरोच्या बाजूला. नोकरीतून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, आणि यात अर्जदाराची बायको-मुलंही मोजतात. त्यावर एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, 1990 च्या कायद्यापासून, म्हणजे भारताला जेवढा वाटा तेवढाच लक्झेंबर्गला. दुसऱ्यांकडून उरलेली कार्डं कधीकधी वळतात आपल्याकडे, पण मूळ हिशोब हाच. परिणाम काय होतो ते ज्याच्या घरात चाललंय त्यालाच कळतं.

परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात श्रेणी आणि देशाप्रमाणे एक तारीख असते, तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, तिच्या आधीची असेल तर तुमचा नंबर लागला. भाचा ही बुलेटिनं प्रिंट काढून फाइलला लावायचा, पिवळ्या हायलायटरने इंडियाचा कॉलम रंगवलेला. एप्रिल 2012 च्या बुलेटिनमध्ये ईबी-टू इंडियाची (उच्चशिक्षितांची श्रेणी, भाच्याची हीच) तारीख होती 1 मे 2010. घरात आनंदीआनंद, भाच्याची तारीख जवळ आलेली, मेडिकलची अपॉइंटमेंट घ्यायची का यावर चर्चा. मे महिन्यात तारीख मागे, 15 ऑगस्ट 2007. जूनमध्ये तर कॉलमात तारीखच नाही, नुसतं यू, म्हणजे अनअव्हेलेबल. आणि ऑक्टोबरच्या बुलेटिनला 1 सप्टेंबर 2004! सहा महिन्यांत साडेपाच वर्षांहून जास्त उलट्या दिशेने. यात कुणी चोरी केलेली नाही, कोटा कसा वापरायचा याचा अंदाज चुकला की असं होतं, पण हे सगळं ज्या कायद्यामुळे होतं तो बदलायचा तर इमिग्रेशनचं बिलच लागतं.

भाच्याची बायको पुण्यात टेस्टिंगमध्ये टीम लीड होती. इथे एच-फोर, एच-वन-बीवाल्याच्या बायकोचा व्हिसा, म्हणजे तेव्हा काम करायची परवानगी नाही. चांगली शिकलेली बाई, घरात बसून दिवाळीला चकल्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या तर तेही कायद्यात बसतं का याची भीती. रविवारच्या मराठी शाळेत फुकट शिकवायची. अण्णा म्हणायचे ती हुशार मुलगी माझ्यासमोर बारीक होत गेली, वजनाने नाही. तर नागरिक मताला जातो तेव्हा एकटा जात नाही, त्याच्या मागे घरातली मत नसलेली माणसं असतात, आणि आपल्या समाजात तर ती रांगच असते.

पहिल्या वर्षात काय झालं

प्रामाणिकपणे सांगायचं तर 2009 भयंकर वर्ष होतं. बँका बसलेल्या, फेब्रुवारीत 787 अब्ज डॉलरचं स्टिम्युलस, ऑक्टोबरमध्ये बेरोजगारी 10 टक्क्यांवर. अशा वेळी परदेशातून आलेल्यांना कागद देऊया म्हणायला कुठल्याही नेत्याला छाती लागते. जूनमध्ये व्हाइट हाऊसमध्ये दोन्ही पक्षांच्या खासदारांची या विषयावर बैठक झाली, फोटो आले, अण्णांनी ती बातमी आम्हाला सगळ्यांना फॉरवर्ड केली, सुरुवात झाली रे म्हणून. ऑगस्टमध्ये मेक्सिकोत ग्वादालाहारा इथल्या शिखर बैठकीत ओबामांनी सांगून टाकलं की आधी हेल्थकेअर, मग ऊर्जा, मग वित्तीय नियम, इमिग्रेशनचं पुढच्या वर्षी बघू, मसुदा वर्षअखेरीस येईल. त्यांच्या स्वतःच्या तोंडून रांग जाहीर झाली आणि इमिग्रेशन रांगेत शेवटी.

डिसेंबरमध्ये एक बिल आलं खरं, पण ते शिकागोचे खासदार लुईस गुटिएरेझ यांनी हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात मांडलेलं, व्हाइट हाऊसचं नाही, आणि ते कमिटीत पडून राहिलं. जानेवारी 2010 मध्ये वर्ष संपलं, संपलं म्हणजे संपलं, कुणी काही बोललं नाही. एप्रिलमध्ये ओबामा विमानात पत्रकारांना म्हणाले की काँग्रेसला या वर्षी याची भूक दिसत नाही. अण्णा या वाक्यावर जे तापले ते अजून तापलेलेच आहेत. भूक त्यांना नाही म्हणजे काय, वाढायचं कबूल तुम्ही केलेलं ना!

इथे अण्णांशी माझं थोडं वाजतं. अण्णा म्हणतात डेमोक्रॅट्सचे 100 पैकी 60 सिनेटर होते, विरोधकांची अडवणूक मोडायला लागतात तेवढे, काय वाटेल ते पास झालं असतं. तसं नव्हतं. डेमोक्रॅट अल फ्रँकनचा मिनेसोटाचा निकाल कोर्टकचेऱ्यांत अडकून तो सिनेटमध्ये बसला जुलै 2009 ला, डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी ऑगस्टमध्ये वारले, त्यांच्या जागी तात्पुरता माणूस आला सप्टेंबरअखेर, आणि 19 जानेवारी 2010 ला मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांच्या जागी रिपब्लिकन स्कॉट ब्राउन जिंकून साठावी जागा गेली. म्हणजे खरे 60 जेमतेम काही महिने, आणि तेवढ्यात हेल्थकेअर ढकलायचं होतं. शिवाय स्वतःच्या पक्षातलेच सगळे बरोबर होते कुठे? डिसेंबर 2010 ला ड्रीम ॲक्ट, लहानपणी आणलेल्या मुलांसाठीचं बिल, हाऊसमधून 216 विरुद्ध 198 ने निघालं आणि सिनेटमध्ये 55-41 वर अडकलं, 60 हवे होते, आणि विरोधात गेलेल्यांत 5 डेमोक्रॅट. हे सगळं अण्णांना दाखवलं. त्यांचं उत्तर, पास झालं नसतं हे मला पण कळतं, मांडून पडू द्यायचं होतं, कोण हात वर करतो आणि कोण नाही ते तरी दिसलं असतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

आणि या सगळ्यात डिपोर्टेशन मात्र जोरात. 2012 च्या आर्थिक वर्षात आकडा 4,09,849, तोपर्यंतचा उच्चांक. कडकपणा दाखवला की पलीकडचा पक्ष सुधारणेला तयार होईल असा हिशोब होता म्हणतात. कडकपणाचा हप्ता आगाऊ भरला, माल आला नाही.

राग काढायचा कुठे

बिनपक्षाच्या मतदाराची खरी पंचाईत इथून पुढे सुरू होते, आणि माझ्या मते या प्रकरणातलं शिकण्यासारखं ते हे आहे.

अण्णांनी पहिला राग काढला नोव्हेंबर 2009 मध्येच, गव्हर्नरच्या निवडणुकीत. ओबामा स्वतः डेमोक्रॅट जॉन कॉर्झाइनच्या प्रचाराला न्यू जर्सीत येऊन गेले होते, अण्णांनी मत दिलं रिपब्लिकन ख्रिस क्रिस्टींना, आणि क्रिस्टी जिंकले, अनअफिलिएटेड मंडळी मोठ्या संख्येने त्यांच्याकडे गेली होती. आता गव्हर्नरचा आणि ग्रीन कार्डचा संबंध शून्य. प्रॉपर्टी टॅक्सचा राग सगळ्यांनाच होता, त्यात अण्णांनी आपला मिसळून दिला, पण तो वॉशिंग्टनला वेगळा ओळखू कसा येणार?

2010 च्या मध्यावधीत, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या काँग्रेसच्या निवडणुकीत, देशभर तेच. एक्झिट पोलप्रमाणे 2008 ला बिनपक्षाचे मतदार 52 विरुद्ध 44 असे ओबामांच्या बाजूने होते, 2010 ला तेच 56 विरुद्ध 37 असे रिपब्लिकनांकडे गेले आणि डेमोक्रॅट्सच्या हाऊसमधल्या 63 जागा गेल्या. जोरदार थप्पड. पण थप्पड कशाबद्दल? कुणी म्हणालं हेल्थकेअर नको म्हणून, कुणी म्हणालं कर्ज वाढलं म्हणून, बेरोजगारी तर होतीच. इमिग्रेशन का नाही केलंत म्हणून रागावलेला माणूस आणि इमिग्रेशन कराल तर याद राखा म्हणणारा माणूस, दोघांचं मत एकाच डब्यात. उलट नवीन हाऊस असं आलं की बिलाचा उरलासुरला रस्ता बंद. अण्णांच्या रागाने अण्णांचंच काम आणखी लांबलं, आणि हे त्यांना सांगितलं की ते चहा थंड होईपर्यंत गप्प बसतात.

प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, जाऊन आतून दबाव आणायचा तर तिथे पक्षाचा शिक्का घ्यावा लागतो. न्यू जर्सीत अनअफिलिएटेड माणूस प्रायमरीच्या दिवशी जाऊन मत देऊ शकतो, पण दिलं की नाव त्या पक्षात नोंदलं जातं, परत मोकळं व्हायचं तर वेगळा फॉर्म भरा. अण्णा गेले नाहीत. आणि नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षाला धडा शिकवायचा तर न्यू जर्सीने 1988 नंतर रिपब्लिकनला राज्य दिलेलं नाही, तिथली इलेक्टोरल मतं धरूनच चालतात. ओहायोतला रुसलेला मतदार तेव्हा दोन्ही पक्षांना परवडत नव्हता, एडिसनचा रुसला काय नि हसला काय.

20 सप्टेंबर 2012 ला मायामीत युनिव्हिजनच्याच कार्यक्रमात त्याच रामोसने ओबामांना समोरासमोर धरलं, वचन म्हणजे वचन, तुम्ही ते पाळलं नाही. ओबामांनी जबाबदारी घेतली, आतापर्यंतचं सगळ्यात मोठं अपयश हेच असंही म्हणाले, पण लगेच पुढे आर्थिक संकट, रिपब्लिकनांनी पाठ फिरवली, आणि मी सर्वशक्तिमान असल्याचं वचन दिलं नव्हतं, अशा अर्थाचं. अण्णांनी हा तुकडा कितीदा बघितला असेल देव जाणे. त्यांचं म्हणणं, हे वाक्य जानेवारी 2010 ला आलं असतं तर मी माफ केलं असतं, निवडणुकीच्या सात आठवडे आधी आलं म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच.

त्या नोव्हेंबरात अण्णांनी मतपत्रिकेवरची राष्ट्राध्यक्षाची वरची ओळ कोरी सोडली, खालच्या सगळ्या भरल्या. देशात बिनपक्षाचे मतदार 50 विरुद्ध 45 असे रिपब्लिकन उमेदवार रॉम्नींकडे झुकले आणि तरीही ओबामा आरामात निवडून आले. लॅटिनो मतदार मात्र 71 टक्के त्यांच्याकडे. का? तर त्यांनी वसुली केली होती. ला राझासारख्या संघटना, व्हाइट हाऊसबाहेर बसलेली ड्रीमर पोरं, रोज टीव्हीवर विचारणारा रामोस. आणि 15 जून 2012 ला, निवडणुकीच्या पाच महिने आधी, डाका (DACA) नावाची योजना आली, लहानपणी आणलेल्यांना तात्पुरतं संरक्षण आणि कामाची परवानगी. बिल नव्हे, पण हातात काहीतरी. उधारी बुडवणारा दुकानदार दारात येऊन बसणाऱ्याचे थोडेतरी देतो, मनातल्या मनात चरफडणाऱ्याला तो ओळखतसुद्धा नाही. अण्णांसारखी माणसं कुठल्या संघटनेत नाहीत, कुठल्या यादीत नाहीत, माणूस बघून मत देतात, आणि तो माणूस फिरला की जाब विचारायला यांच्याकडे पत्ता नसतो. शिक्का नको या सवयीची किंमत इथे मोजावी लागते, हे अण्णांना मान्य नाही, माझं मत मात्र हेच आहे.

नंतरचं थोडक्यात

27 जून 2013 ला सिनेटने 68 विरुद्ध 32 ने मोठं बिल पास केलं, एस 744. नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशवार मर्यादा त्यात जाणार होती, म्हणजे भाच्याचं काम झालं असतं. गंमत म्हणजे त्याच बिलात नागरिकांनी भावाबहिणीला बोलावण्याची श्रेणी बंद होणार होती, आणि अण्णांची बहीण त्याच रांगेत होती, निदान आधी केलेले अर्ज चालू राहणार होते. म्हणजे ज्या बिलासाठी माणूस चार वर्षं चिडला ते आलं तर घरात एकाचं भलं आणि पुढच्यांचं दार बंद. ही गोष्ट अण्णांना बिल वाचेपर्यंत माहीत नव्हती, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना अजून नाही. असो, स्पीकर बेनर यांनी ते हाऊसमध्ये मतालाच घेतलं नाही. इथे दोष ओबामांचा नाही, अण्णाही तसं म्हणत नाहीत. फक्त एवढंच म्हणतात की 2009 ला चार मुद्दे कागदावर आले असते तर 2013 ला सुरुवात शून्यातून झाली नसती. असेल, नसेल, सांगता येत नाही.

त्याआधी देशवार मर्यादा काढणारं एक छोटं बिल नोव्हेंबर 2011 ला हाऊसमधून 389 विरुद्ध 15 ने निघालं होतं आणि सिनेटमध्ये रिपब्लिकन सिनेटर ग्रासली यांनी अडवून धरलं. 389-15! एवढं एकमत तर आमच्या मंडळात वडापाव की मिसळ यावरही होत नाही.

20 नोव्हेंबर 2014 ला ओबामांनी कार्यकारी अधिकारात मोठ्या घोषणा केल्या. कागद नसलेल्या पालकांसाठीची योजना टेक्सासच्या कोर्टाने थांबवली आणि जून 2016 मध्ये सुप्रीम कोर्टात 4-4 होऊन ती तशीच मेली. पण त्याच काळातलं एक काम झालं, 26 मे 2015 पासून ठराविक एच-फोरवाल्यांना कामाचा परवाना, नवऱ्याचं आय-वन-फोर्टी, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर असेल तर. भाच्याची बायको परत नोकरीला लागली, आधी कॉन्ट्रॅक्टवर, मग पर्मनंट. अण्णांनी हे ओबामांच्या खात्यावर जमा धरावं असं आम्ही त्यांना म्हटलं. ते म्हणाले धरलं, पण तो नियम आहे, कायदा नाही, पुढचा आला की काढेल या धास्तीत ती दर निवडणुकीला झोपत नाही. तेही खरंच आहे, 2017 नंतर तो काढायची भाषा झालीच, काढला गेला नाही एवढंच.

अण्णा अजून अनअफिलिएटेडच आहेत. फरक एवढा पडलाय की निवडणुकीच्या दिवसांत क्लिपबोर्ड घेऊन दारावर येणाऱ्या पोरांना ते आता आत बोलावतात, पाणी देतात आणि तीन गोष्टी विचारतात. तुमचा उमेदवार हे कुठल्या महिन्यात करणार, त्याच्या यादीत याच्या आधी काय काय आहे, आणि नाही झालं तर आम्हाला कधी सांगणार? पोरं बिचारी कॉलेजातली, गोंधळतात, वरच्यांना विचारून कळवतो म्हणून ईमेल घेऊन जातात. उत्तर कुणाचंच आलेलं नाही, त्या ईमेलवर वर्गणी मागणारे मेल मात्र दोन्ही पक्षांचे येतात.